पुढच्या उजव्या चाकाचा शॉकअप

आमच्या घरी मोटार होती हे सांगितलं की आजही लोक माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतात. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी दाबायच्या प्रेसवर मिस्त्री, घरावर टिनाचं छत, आणि अंगणात मोटार? होती बाबा, होती. पांढरी आठशे, दारं आदळल्याशिवाय न लागणारी, मागच्या काचेला भेग. दिग्रसचे एक म्हातारे डॉक्टर मुलाकडे नागपूरला कायमचे राहायला गेले, तेव्हा जाता जाता त्यांनी ती बाबांच्या गळ्यात मारली. "किसन, तुझ्या पोराला हिचा उपयोग होईल," म्हणाले. गल्लीतले लोक म्हणायचे, घरात नाही दाणा अन् मले पाटील म्हणा. म्हणोत. ती गाडी हौसेची नव्हती. ती माझ्या दादासाठी होती.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मिलिंदला, सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही, प्रत्येक वस्तीत एखादं तरी घर असतंच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं आतून ठणकायला लागतात. हा ठणका कधी येईल याचा नेम नसे. एरवी दादासारखा तोंडाळ माणूस मी पाहिला नाही. ओसरीतल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची फिरकी घ्यायचा. माझ्या स्वयंपाकाची तर रोज. "नंदे, हे भाकर हाये का नकाशा? यवतमाळ कुठं हाये यात?" दुखायला लागलं तरी तो आधी बडबड वाढवायचा. पण बडबड थांबली, की माय चूल सोडून उठायची. तो गप्प झाला म्हणजे दुखणं हाताबाहेर गेलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. अशा वेळी त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागे, आणि एसटीच्या मागच्या बाकावर त्या पोराला नेणं म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून गाडी.

त्या काळातलं घर आठवलं की मला सगळ्यात आधी आवाज नसणं आठवतं. लहानपणी दिवाळी झाली की जिनिंगची घरघर सुरू व्हायची ती होळीपर्यंत. आम्ही तिच्यात झोपायचो, तिच्यात उठायचो, तिच्यात भांडायचो. भोंगा झाला की माय तव्यावर शेवटची भाकर टाकायची, आणि बाबा अंगावरचा कापूस झटकत दारात उभे राहायचे. भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. हवेत सरकीचा वास. मग ती वर्षं आली. कापसाचा भाव असा पडला की लोकांनी माल विकायचाच थांबवला. भाव येईल, आज येईल, उद्या येईल म्हणून घराघरांत छतापर्यंत कापूस भरलेला, त्यात झोपून पोरांच्या अंगाला खाज सुटलेली, आणि जिनिंगच्या फाटकाला कुलूप. बाबा तरी रोज आंघोळ करून, खाकी पँट घालून फाटकापर्यंत जाऊन यायचे. चौकीदाराशी दोन शब्द बोलायचे, परत यायचे. घरघर नसल्यामुळे घरात चमचा पडला तरी माणसं दचकायची.

त्यातच गाडीचा पुढचा उजवा शॉकअप गेला. चाकाच्या वर एक जाड नळा असतो, त्यातून दांडा वर-खाली होतो, भोवती स्प्रिंग असते, आणि रस्त्याचे धक्के ते दोघं मिळून खातात. आमच्या नळ्यातलं तेल कधीच गळून गेलं होतं. शेवटच्या खेपेला दादाला दवाखान्यातून आणताना आर्णीच्या अलीकडच्या नाल्यापाशी चाक खड्ड्यात असं आदळलं की दांडाच वाकला. चाक तिरपं झालं, टायर आतून घासायला लागला. घर येईपर्यंत दर खड्ड्याला खट् व्हायचं, आणि दर खट्‌ला दादा दातांत रुमाल धरायचा. घरी उतरल्यावर तो म्हणाला, "यापुढं मले या गाडीत बसवू नका. मेलो तर इथंच मरतो, खटखट ऐकत नाही मरत." थट्टेच्या सुरात म्हणाला, पण थट्टा नव्हती.

नवा शॉकअप बाबांनी यवतमाळहून आणला आणि तो बारदानात गुंडाळून खाटेखाली ठेवून दिला. बसवायचा कसा, हा प्रश्न होता. जुन्यावरची स्प्रिंग काढून नव्यावर चढवायची, तर आधी ती स्प्रिंग दाबून धरावी लागते. त्यासाठी कॉम्प्रेसर नावाचं साधन असतं, ते बाजारातल्या गॅरेजवाल्याकडे होतं. पण एक मिस्त्री दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी टाकतो होय? "ज्यानं आयुष्यभर कापसाच्या गाठी दाबल्या त्याले एक स्प्रिंग नाई दाबता येत?" असं बाबा म्हणायचे. "जिनिंग सुरू झाली की आपल्या प्रेसमधी ठेवतो, दाबतो, काम खतम." माय म्हणायची, "अन् जिनिंग नाई सुरू झाली तं?" बाबा उठून फाटकाकडे निघून जायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला बाबांचा राग यायचा. आता वाटतं, तो नळा खाटेखाली होता तोवर जिनिंग सुरू होणार होती. गॅरेजात नेला असता तर ती बंद पडली हे बाबांना मान्य करावं लागलं असतं.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो दिवस बंदचा. कापसाच्या भावासाठी रस्ते अडवलेले, एसटी डेपोतच उभी, बाजारातली शटरं खाली, गॅरेजसुद्धा. दादा सकाळी उठला तेव्हा बडबडत होता. चहा झाला तेव्हा कमी. मायनं गरम पाण्याची पिशवी दिली, गोळी दिली, तांब्याभर पाणी पाजलं. भाकरी थापता थापता मी कान ओसरीकडे ठेवून होते. मग तो गप्प झाला. मी पिठाच्या हातानंच बाहेर आले, तर तो बंगईवरून खाटेवर येऊन एका कुशीवर पडला होता आणि श्वास अर्धाच घेत होता. गल्लीच्या टोकाला राहणारे डॉक्टर आले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि बाबांना अंगणात घेऊन म्हणाले, "या वेळी दुखणं छातीत आहे. ऑक्सिजन लागेल, रक्त लागेल. संध्याकाळच्या आत यवतमाळ गाठा. उद्यावर टाकू नका." दवाखान्याची जीप दुसरीकडे गेलेली. काळीपिवळीवाले म्हणाले, आज काचा फोडतील, येत नाही.

बाबा खाटेखाली वाकले आणि बारदान ओढलं.

"प्रेस नाई हाये," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "कशात दाबता?"

"गाडीचं वजन हाये ना. गाडी उभी हाये तोवर स्प्रिंग दाबलेलीच असते. तशीच बांधून टाकायची अन् मग जॅक लावायचा. गाठ कशी बांधतो आपण? दाबली, पट्टी मारली, सोडली." त्यांनी घरामागून लोखंडी पट्ट्या आणल्या, कापसाच्या गाठीला बांधतात त्या, अंगठ्याएवढ्या रुंद, टोकाला अडकवायची कडी. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चालण्यात घाई दिसली.

वजन कमी पडेल म्हणून शेजारच्या गफूरचाचांना बोलावलं. चाचा पिंजारी, गाद्या भरायचे, आणि स्वतःही भरलेल्या गादीएवढेच. टप दबू नये म्हणून त्यांनी आपलीच एक गादी आणून टपावर टाकली आणि वर मांडी घालून बसले. "किसनभाऊ, मी बसलो, आता भूकंप आला तरी उठत नाही," म्हणाले. एरवी दादानं यावर काय काय ऐकवलं असतं. मी ओसरीकडे पाहिलं. तो डोळे मिटून होता, माय त्याचा पाय चोळत होती.

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकामागून हात घालण्यापुरती फट होते. बाबांचे पंजे तिथं शिरेनात, माझे शिरले. पट्टी स्प्रिंगच्या वेढ्यांतून खालून वर काढायची, कडीत अडकवायची, बाबा बाहेरून पक्कडीनं ओढून पिरगाळणार. एक झाली. दुसरी झाली. तिसरी इंजिनाच्या बाजूनं घालायची होती, तिथं माझाही हात पोचेना. मी कोपरापर्यंत सोलवटून घेतला, तरी नाही.

"राहू दे," बाबा म्हणाले. "दोन बस झाल्या. गाठीच्या दोन-तीन पट्ट्या तुटल्या तरी गाठ उभी राह्यते. म्या हजारदा पाह्यलं."

इथंच चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीनं केली नसती. कापूस शहाणा असतो, तो चहूबाजूंनी हळूहळू फुगतो, उरलेल्या पट्ट्यांवर भार वाटून घेतो. स्प्रिंगला एवढं कुठलं शहाणपण. आज मी आयटीआयमध्ये पोरांना हेच शिकवते, आणि कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कुणी वरच्या नटाला पाना लावला तर त्याला वर्गाबाहेर काढते. पोरं म्हणतात, मॅडम फार खडूस. असू दे.

चाचा उतरले, जॅक चढला, गाडीखाली लाकडाचे ओंडके सारले. चाक निघालं. खालचे बोल्ट गंजलेले, रॉकेल टाकून, हातोडा मारून तेही निघाले. शॉकअप बाहेर आला तेव्हा बाबांनी तो लहान पोराला घ्यावं तसा दोन्ही हातांनी उचलून बारदानावर ठेवला. स्प्रिंग दबलेलीच होती. "झाली का नाई गाठ?" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मला अजून दिसतं.

मी नळा दोन गुडघ्यांत दाबून धरला, स्प्रिंगला दोन्ही हातांनी कव घातली. बाबांनी वरचा नट सोडवला. नट आला, पण स्प्रिंगवरची लोखंडी टोपी येईना, कारण दांडा वाकलेला होता आणि ती त्यावर अडकून बसली होती. बाबांनी हातोड्यानं टोपीला खालून एक टोला दिला. दुसरा दिला.

कर्र आवाज झाला. दोन्ही पट्ट्या वेढ्यांवरून सरकल्या आणि एकमेकींना जाऊन चिकटल्या. सरकता सरकता एकीची धार बाबांच्या तळहातातून गेली. स्प्रिंगची मोकळी बाजू एकदम उघडली आणि माझ्या हातांत ती काकडीसारखी वाकली. टोपी एका अंगानं उचलली गेली, दांड्याच्या शेवटच्या आट्यांवर तिरपी अडकली आणि थांबली. माझ्या हनुवटीपासून वीतभर लांब.

"हलू नको," बाबा म्हणाले. "नंदे, हात काढू नको. कायलेबी हात काढू नको."

त्यांच्या हातातून रक्त गळत होतं आणि ते त्याकडे पाहत नव्हते. मी बाबांना प्रेसचा पट्टा तुटताना न हललेलं पाहिलंय. त्या दिवशी त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. मला कळलं की पुढं काय करायचं हे त्यांना माहीत नाही. मी सोडलं तर टोपी माझ्या तोंडावर येणार. नाही सोडलं तर कधीतरी माझे हात थकणार. चाचा म्हणाले, "मी धरू?" बाबा म्हणाले, "हात लावू नका, तेवढ्यानंही सरकंल." मी भयंकर भ्यायले होते, लपवण्यात अर्थ नाही. आणि त्या भीतीतही कान ओसरीकडे होते, कारण तिथून काहीच ऐकू येत नव्हतं.

मग साखळीचा आवाज आला. माय दादाचा पाय सोडून उठली होती आणि स्टुलावर चढून बंगईची साखळी आकड्यातून काढत होती. फळी एका बाजूनं धाडकन खाली आली. दादा लहान होता तेव्हा ठणक्याच्या वेळी त्याला त्या बंगईवर मांडीत घेऊन माय तासन्‌तास झोके द्यायची. त्या कड्यांना तिचे हात माहीत होते. ती माझ्यासमोर बसली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सरक," ती बाबांना म्हणाली. "गाठ बांधून राह्यले म्हणे. फुगली कोणत्या बाजूनं ते दिसत नाई का? जिकडून फुगली तिकडून बांधा ना."

तिनं साखळी मोकळ्या बाजूच्या वेढ्यांतून घातली, आत बोटं सारून बाहेर ओढली, आकडा कडीत अडकवला. एवढं करताना तिची मान त्या टोपीच्या सरळ रेषेत होती. मी म्हटलं, "माय, बाजूनं." ती म्हणाली, "चूप बस." बाबांनी साखळीत टॉमी घातली, म्हणजे चाकाचे नट खोलायची लोखंडी सळई, आणि डाव्या, धडक्या हातानं पिळायला सुरुवात केली. एक पीळ. साखळी कुरकुरली. अजून एक. स्प्रिंग माझ्या हातांत हळूहळू सरळ होताना मला जाणवली, आणि टोपी दांड्यावर सैल झाली. बाबांनी ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. चाचांनी "या अल्ला" म्हटलं आणि ओसरीच्या कडेला जाऊन बसले.

मायनं लुगड्याचा काठ फाडून बाबांचा हात बांधला. बांधल्यावर त्यांनी पाना उचलला, तर बोटं मिटेनात. त्यांनी तो पाना माझ्यापुढं केला. "तू आवळ. म्या सांगतो." नव्या नळ्यावर स्प्रिंग, वर टोपी, वर नट. बाबा सांगत होते, मी आवळत होते, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की ते सांगायचे थांबलेत आणि मी आवळतेच आहे. शॉकअप जागेवर गेला, बोल्ट बसले, चाक बसलं, गाडी खाली आली, चाचा पुन्हा टपावर चढले. वजनाखाली साखळी सैल पडली ती मी काढली आणि पट्ट्या छिन्नीनं तोडल्या, जिनिंगमध्ये गाठ फोडताना उभे राहतात तशी एका बाजूला सरून.

दादाला उचलताना तो फक्त एवढंच म्हणाला, "या गाडीत नाई." मायनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मागच्या सीटवर तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, खाली चाचांची गादी. बाबांचा हात चालत नव्हता, म्हणून गाडी मी घेतली. जिनिंगच्या रिकाम्या मैदानात, जिथं एरवी कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची, तिथं त्यांनी मला शिकवली होती. रस्त्यावर मी कधी काढली नव्हती. नाक्यावर बंड्या आडव्या लावलेल्या. काही माणसं काठ्या घेऊन पुढं आली, आत वाकून पाहिलं. एक जण म्हणाला, "किसन मिस्त्री होय. बंडी सरकवा रे." बंडी सरकली.

बाबा शेजारी बसून मान उजवीकडे कलती करून ऐकत होते. नवा शॉकअप टिकतो की नाही, नट मी नीट आवळला की नाही, सगळं त्या कानावर. आर्णीच्या अलीकडे तो नाला आला. मी गाडी जवळजवळ थांबवली. "जाऊ दे, सावकाश," बाबा म्हणाले. मी दात आवळले. उजवं चाक खड्ड्यात उतरलं, खाली बसलं, वर आलं. आवाज नाही. नुसतं गादीवर कुणी बसावं तसं मऊ काहीतरी. मागून माय रडायला लागली, आवाज न करता, पण मला आरशात दिसलं. आणि लगेच डावं चाक बाजूच्या खड्ड्यात गेलं, खट्.

"बाबा," मागून दादाचा आवाज आला. बारीक, तुटक, पण त्याचाच. "आता डावा... खटखट करून राह्यला."

तो बोलला होता. बाबांनी बांधलेला हात तोंडावर धरला. मग म्हणाले, "करू ना बाबू. जिनिंग सुरू झाली की करू."

यावर दादा हसला. छातीत कळ आली तरी हसला, आणि माय त्याला रागावली. संध्याकाळच्या आत आम्ही पोचलो. त्याला ऑक्सिजन लागला, रक्त चढलं, आणि काही दिवसांनी तो वॉर्डातल्या नर्सांची फिरकी घ्यायला लागला.

जिनिंग काही सुरू झाली नाही. आता तिथं मंगल कार्यालय आहे. डावा शॉकअप मी बदलला, आयटीआयला नाव घातल्यावर, वर्कशॉपमधून मागून आणलेला कॉम्प्रेसर लावून. बाबा जवळ उभे राहून तो पाहत होते. दादा बंगईवर बसला होता. त्या दिवसाच्या पिळानं तिच्या एका साखळीच्या कड्या ताणल्या गेल्या होत्या, त्यामुळे बंगई कायमची एका बाजूला झुकलेली. मी म्हटलं, साखळी नवी आणते. "कायले?" तो म्हणाला. "मी बी तं वाकडाच हाये, बरी जमते आमची." दादा गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बंगई माझ्या घरी आहे, तशीच झुकलेली, आणि कुणी ती सरळ करायची गोष्ट काढली की मी त्याच्या अंगावर जाते.